खर्ड्याच्या मैदानातला मुका माणूस

३ मार्च, भिंगार

तोंड बंद झालं म्हणून वही उघडली.

डॉक्टर म्हणाले, "एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." स्वरयंत्रावर गाठ आहे. महिनाअखेरीला ऑपरेशन. गाठ कसली ते काढल्यावर कळणार. आवाज राहील का, असं कागदावर लिहून विचारलं. म्हणाले, "बघू."

तीस वर्षं जत्रांच्या कुस्त्यांना माईकवर बोलतोय. पैलवान कुठला, वस्ताद कोण, त्या गावाच्या मातीत कोण कोण लढून गेलं — सगळं तोंडपाठ. नगर जिल्ह्यात माझा आवाज माहीत नाही असं गाव नसेल. आणि नर्सबाई विचारते, "ऑपरेशनला सोबत कोण येणार?"

लग्न राहून गेलं. आई गेली. फोनमध्ये नंबर ढीगभर — सगळे जत्रा कमिट्यांचे!

५ मार्च

आज कुणाशी बोललो नाही. बोलता येत असतं तरी कुणाशी बोललो असतो?

८ मार्च, खर्डा

खर्ड्याचा हगामा, म्हणजे जत्रेच्या कुस्त्या, परवा. कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांचा फोन आला की मी उचलायचो आणि गप्प. ते नुसते "हॅलो, हॅलो" करायचे. शेवटी मेसेज टाकला, तोही त्यांनी उघडला नाही. म्हटलं, समोर जाऊन सांगावं.

माळीवाडा स्टँडवरून जामखेड गाडी. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच. पुढच्या बाकावर दोघं.

"औंदा खर्ड्याला गोरक्षनाथ हाय म्हनं बोलायला."

"मग जायाचंच! त्यो बोलाया लागला की आंगावर काटा येतो."

"घरी बायकूशी बी आसाच बोलत आसंल का रं?"

"तिची बी कुस्ती लावीत आसंल!"

हसले. मागच्या बाकावर तो गोरक्षनाथ म्हणजे मीच; मीही हसलो, आवाज न करता. मग एकानं वळून विचारलं, "पाव्हनं, कुठं निघालात?" मी गळ्याकडे बोट केलं. "मुका हाय बिचारा," म्हणाला, आणि उठून मला खिडकीची जागा दिली.

आप्पासाहेब बार्शीला गेलेत. उद्या येणार. लॉजवर उतरलो. संध्याकाळी करायला काही नाही म्हणून किल्ल्यात गेलो. किती वर्षं माईकवरून सांगतोय — "खर्ड्याची ही पराक्रमाची माती!" — आणि किल्ल्याच्या आत पाऊल टाकलं ते आज. पहिल्यांदाच! लाज वाटली.

आत विहिरीपाशी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनीच विचारलं, "बाहेरगावचे?" मी फोनवर लिहून दाखवलं — कुस्त्या बघायला आलोय. गळ्याकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. कीव नाही, चौकशी नाही. बरं वाटलं.

नाव जया. इथल्याच शाळेत शिक्षिका. मालक तीन वर्षांपूर्वी गेले. "शाळा सुटल्यावर घरी जाववत नाही. म्हणून इथं बसते."

९ मार्च

आप्पासाहेब भेटले. सगळं लिहून दाखवलं. वाचून मट्कन खाली बसले. "आवो, गावोगाव तुमचं नाव सांगून ठेवलंय मी! मान्सं तुमाला ऐकाया येनार, कुस्ती तर मोबाईलवर बी दिसती!" मग माझ्या गळ्याकडे बघितलं. "न्हाई. नका बोलू. मंचावर नुसतं बसा." समर्थ नावाचा नवा निवेदक बोलावलाय, पारनेरकडचा.

संध्याकाळी पुन्हा किल्ला. त्या होत्या. मी येणार हे धरूनच चालल्यासारख्या बोलायला लागल्या. खर्ड्याच्या लढाईत निजाम इथं कोंडला गेला, बाहेर मराठ्यांची फौज, आत पाणी पुरेना. हे मी हजारदा सांगितलंय. तोफा, घोडे, जयजयकार, सगळं साग्रसंगीत. त्या म्हणाल्या, "लढाई सगळेच सांगतात हो. मला वाटतं, आत तहानलेली माणसं रात्री एकमेकांशी काय बोलली असतील?"

आवाज असता तर काहीतरी टाळ्या घेणारं ठोकून दिलं असतं.

मग मालकांबद्दल बोलल्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. मी ऐकत राहिलो. एवढा वेळ मी कुणाचं ऐकलंय असं आठवत नाही.

खोलीवर आल्यावर चुटपुट लागली. मी मुका आहे असंच त्यांना वाटतंय. सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर मी पुन्हा 'निवेदक गोरक्षनाथ' झालो असतो. दोन संध्याकाळी नुसता माणूस होतो.

१० मार्च, रात्र

नीट लिहायचं.

मैदान खच्चून भरलं होतं. मी मंचावर गप्प. समर्थ बरा बोलतो, पण घाई फार. मी नाही तर मैदान अडेल असं वाटत होतं. कुठं काय! हलगी वाजत होती, पोरं लढत होती, माझ्याविना सगळं छान चाललं होतं. हे बघायला बसवलं होतं का मला?

शेवटची मोठी कुस्ती लागली. जोड तोलामोलाची. नेवाशाच्या पैलवानानं पट काढला आणि सगळं मैदान उभं राहिलं — तेवढ्यात डाव्या बाजूचा लाकडी कठडा कडाकडा मोडला. त्यावर चढलेली माणसं खालच्या लोकांवर पडली. समर्थ घाबरला. माईकवर ओरडला, "पळा! पळा!"

झालं! हजारो माणसं एकाच वाटेकडे सुटली. त्या वाटेवर बायकापोरं बसलेली. त्यांतच जयाबाई दिसल्या, कुणाचंतरी लहान पोर छातीशी धरलेलं.

माईक कधी हातात घेतला ते कळलंच नाही.

"बसा! जो जिथं हाय तिथंच खाली बसंल! मी गोरक्षनाथ बोलतोय! कुनीबी पळायचं न्हाई! म्होरं आया-भैनी हायेत!"

आधी कुस्तीशौकीन म्हातारी माणसं बसली. तीस वर्षांची सवय! मग त्यांच्या मागची. मी थांबलो नाही. बोलतच राहिलो. कोणत्या बाजूनं उठायचं, पडलेल्यांना कुणी उचलायचं, पैलवानांनो, तुम्ही आधी हात लावा. शेतातलं वारं पडावं तसं मैदान खाली बसलं. एकाचा हात मोडला, दोघांना टाके. जीव कुणाचा गेला नाही.

शेवटी शेवटी आवाज फाटला. मग नुसती हवा. थुंकलो तर लाल.

आप्पासाहेब मिठी मारून रडले. लोक पाया पडायला लागले. मी मात्र गर्दीत एकच माणूस शोधत होतो. जयाबाईंनी पोर त्याच्या आईकडे दिलं. माझ्याकडे बघितलं. आणि गेल्या.

त्यांना वाटलं असणार — ह्या माणसानं मुकेपणाचं सोंग केलं. माझ्याकडून घरचं दुःख काढून घेतलं. घसा धड असता तर मागं पळत जाऊन सांगितलं असतं.

११ मार्च

सकाळी किल्ल्यात जाऊन बसलो. आल्या नाहीत. दुपारच्या गाडीनं परत.

१२ मार्च, भिंगार

डॉक्टर चिडले. पुष्कळ बोलले. मग कुठूनतरी त्यांनाही मैदानाचा व्हिडिओ आलेला दिसला. शेवटी तारखांची वही ओढली. ऑपरेशन अलीकडे घेतलंय. आवाज राहण्याची आशा आता धरू नका, म्हणाले. सोबतीचं पुन्हा विचारलं.

१५ मार्च

फोन सारखा वाजतोय. सत्कार करायचाय म्हणे; २० तारखेला ऑपरेशन आहे, असा मेसेज आप्पासाहेबांना आणि बाकीच्यांना टाकला. हार-फेटा. कुणी विचारत नाही, जेवलात का.

१९ मार्च, दवाखाना

उद्या ऑपरेशन. दुपारी कॉटपाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. जयाबाई! आप्पासाहेबांकडून दवाखान्याचा पत्ता काढून आल्या होत्या; पिशवीत डबा, दोन दिवसांचे कपडे.

मी घाईनं फोन काढला, लिहायला लागलो — माफ करा, मी तुम्हाला... त्यांनी हातातून फोन काढून घेतला.

"पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी. आमच्या ह्यांना अंथरुणात मी मोबाईलवर तुमच्याच कुस्त्यांचे व्हिडिओ लावून द्यायचे, त्यात तुम्ही दिसायचात. दोन वर्षं आमच्या घरात तुमचाच आवाज होता. तुमच्या तोंडून तो निघाला असता तर मला सोसलं नसतं. तुम्ही गप्प बसलात, म्हणून मला बोलता आलं. त्या दिवशी मैदानात तो आवाज ऐकला आणि उभं राहवेना. म्हणून गेले."

नर्सबाई आली. रुग्णासोबत कोण, म्हणाली.

"मी," जयाबाई म्हणाल्या.