बंद केलंय, हात घाल

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी सव्वासात.

वहिनी, लिहायला फार उशीर झाला, माफ करा.

सकाळी सव्वाआठ.
एका तासात एवढंच झालं. एकतीस वर्षं उशीर झालाच आहे, आणखी एक दिवस. पत्र उद्या. वही कोरी पडू नये म्हणून आजपासून रोजनिशी. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

संकल्प: प्रेशरची गोळी वेळेवर. लेकीच्या कामात लुडबुड बंद. वहिनींना पत्र.

संध्याकाळी सात.
नर्सबाईंची विजेवरची पांढरी गाडी टेम्पोवर लादून आली. त्या घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासतात. काल गाडी धुऊन आणली आणि आज सकाळी हलेना. समोर लाल अक्षरं, इन्सुलेशन फॉल्ट. म्हणजे काय, ते लेकीनं समजावलं. वीज वायरीच्या आत राहायची सोडून गाडीच्या पत्र्यात झिरपते.

गॅरेज आता लेक चालवते. विजेच्या गाड्यांचा कोर्स केलाय. मी चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, तरी तिनं जमिनीवर पिवळा पट्टा मारला आणि मला अलीकडे ठेवलं. म्हणते, अप्पा, पलीकडे चारशे व्होल्ट आहेत. मी म्हटलं, वाघ आहे का? तर म्हणते, वाघ निदान गुरगुरतो.

तिनं गरम हवा मारली, दुपारी गाडी सुरू. तरी आठवडाभर इथंच ठेवणार, रोज सकाळी मोजणार. जाताना बजावलं, गाडीवर पाणी मारायचं नाही.

सहाला ती वर घरी जाते. शटर ओढायचं काम अजून माझं. एकटाच होतो. गाडी चार्जिंगला. आणि गाडीतून बारीक शिट्टी. पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

शिट्टी! माझा जोडीदार. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून नाव शिट्टी. वहिनी म्हणजे त्याची बायको. तो गेला त्या दिवशी असाच वास होता.

वास घालवायला पाइप घेतला. गाडीवर नाही मारलं. खालून मारलं. मग सगळं फडक्यानं कोरडं पुसलं. आमच्या वेळची शिस्त.

बुधवार, १५ ऑक्टोबर.
सकाळी पुन्हा फॉल्ट. लेकीनं विचारलं, अप्पा, पाणी मारलंत? मी म्हटलं, गाडीला बोट लावलं नाही. खरंच आहे, पाइप होता. ती बरं म्हणाली आणि कामाला लागली.

संध्याकाळी शिट्टी. वास. पाइप. गुडघा ठणकतोय. पत्र राहिलं. उद्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.
फॉल्ट. लेकीची पद्धत लांबलचक. आधी बॅटरीचा जोड काढते, त्यावर लाल कुलूप लावते, किल्ली स्वतःच्या गळ्यात. मग आत उरलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं नुसती उभी. मग मीटर लावून वीज गेली का बघते. मी म्हटलं, जोड काढलाय तर गेलीच असणार. तर म्हणाली, कोणी सांगितलं म्हणून हात घालायचा नसतो, मीटरनं सांगितलं तरच घालायचा.

हे मला लागलं. शिट्टीनं असं मीटर लावलं असतं तर आज जिवंत असता. त्यालाच घाई फार.

दिवसभर तिनं एकेक भाग सोडवला. हीटर ठीक, मोटार ठीक, चार्जर ठीक. म्हणाली, सगळं बाहेर काढलं तरी झिरपतंय, म्हणजे बॅटरीच्या पेटीतच. आणि दुपारनंतर आपोआप बरं. डोकं धरून बसली. मी मनात म्हटलं, पोरी, हा तुझ्या कोर्समधला आजार नाही.

योजना: शिट्टीशी मीच बोलणार. समोरासमोर. कडक शब्दांत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.
फॉल्ट. मला सर्दी, ताप. रोज पाण्यात भिजून कोण धड राहील? संध्याकाळी खाली उतरलो नाही, शटर लेकीनंच ओढलं. अंथरुणातूनच बोललो. म्हटलं, शिट्ट्या, पुरे आता. नर्सबाई पायी फिरताहेत.

शनिवार, १८ ऑक्टोबर. सकाळी नऊ.
फॉल्ट नाही! मीटरचा आकडा उत्तम. लेक म्हणते, काय झालं कळत नाही. मला कळतं. फक्त शब्दाला वजन लागतं.

संध्याकाळी सात. ताप उतरला. शिट्टीचे आभार मानायला गाडी खालून नीट, दुप्पट वेळ धुतली.

सोमवार, २० ऑक्टोबर.
काल गॅरेज बंद होतं, पण माझा पाइप चालू होता. आज फॉल्ट. आकडा आजवरचा सगळ्यात वाईट. नर्सबाई आल्या होत्या. म्हणाल्या, काल एका घरी पोचेपर्यंत बाळ जन्मलंसुद्धा, मला बघून आजी म्हणाली, या, आता बारशाला या. हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

लेक म्हणाली, उद्या बॅटरी खाली उतरवून पेटी उघडते. मी म्हटलं, उघड, आधी बंद कर म्हणजे झालं. ती म्हणाली, अप्पा, बॅटरीला बंद करायचं बटण नसतं. जोड काढला तरी आतले सेल जिवंतच. पेटी उघडली की सगळं समोर, चालू.

जेवण गेलं नाही. बंदच होत नाही अशा गोष्टीत माझी लेक हात घालणार. एक वडील म्हणून हे थांबवायला हवं. कसं, ते सुचत नाही. दोन गोळ्या घेतल्या.

शिट्टीच्या वेळी दोन बटणं होती, शेजारी शेजारी. तो ज्यात हात घालणार होता त्या कॉम्प्रेसरच्या मोटारीचं डावीकडचं. मी म्हणालो, बंद केलंय, हात घाल. केलंच होतं. एक बटण बंद केलं होतं हे मला पक्कं आठवतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दुपारी दोन.


सकाळी लेकीनं बॅटरी उतरवली. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर काच. पेटीचे बोल्ट सोडवायला घेतले. मी पट्ट्यावर उभा. झाकणाला हात घालण्याआधी तिनं मान वळवून विचारलं, अप्पा, शेवटचं विचारते, पाणी नाही ना मारलं? तुम्ही नाही म्हणालात म्हणूनच उघडतेय.

म्हणजे भरवसा मीटरवर नाही, माझ्यावर. शिट्टीनंही असंच मान वळवून विचारलं होतं. बंद केलंय ना?

एक भाषण तयार होतं. मोठ्या माणसांच्या अनुभवाची कदर वगैरे. तोंडातून निघालं एवढंच: थांब. रोज मीच धुतो. खालून.

तिनं हातमोजे काढले. काच वर केली.  मग टॉर्च घेऊन पेटीच्या तोंडाशी, जिथं जाड नारिंगी वायर आत शिरते, तिथं बघितलं. रबरी रिंगला केसाएवढी चीर. मागे पाण्याचे थेंब. सकाळी ओलं, दुपारी सुकलेलं. म्हणाली, झाकण काढायची गरजच नव्हती. नवी रिंग टाकली, हवा मारून वाळवलं. वीस मिनिटांचं काम.

का धुत होता, विचारलं. सांगितलं. तर म्हणे, वास गाडीपुढे टाकलेल्या नव्या रबरी चटईचा. तिच्यावर उभं राहिलं की शॉक बसत नाही म्हणून टाकलीय. आणि शिट्टी चार्जिंगच्या वेळी बॅटरी गार करणाऱ्या पंपाची. इतके दिवस मी एका चटईशी आणि एका पंपाशी भांडत होतो. त्यातल्या एकाला ताकीद दिली होती.

मी म्हटलं, रागव तरी. ती म्हणाली, रागावले असते अप्पा, पण तुम्ही वेळेवर बोललात. एवढं म्हणून वर चहा टाकायला गेली.

वेळेवर. या शब्दानं तेव्हापासून बसू दिलं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर. संध्याकाळी सव्वासहा.
सकाळी आकडा उत्तम. नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, काका, आता गाडीच काय, तुम्हीसुद्धा भिजू नका.

गॅरेजच्या नळाला लाल कुलूप. किल्ली लेकीच्या गळ्यात. एवढी मोठी कारकीर्द, शेवटी धोकादायक ठरले ते नळ आणि मी. संकल्पांपैकी गोळी तेवढी चालू आहे.

शटर ओढलं. चटई गुंडाळून बाहेर ठेवलेली. गाडी नाही, चार्जर नाही, पंप नाही.

शिट्टी येतेय.

तेव्हा आता लिहितोच.

वहिनी, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. सगळ्यांना मी सांगितलं की त्यानं घाई केली. तुम्हालाही तेच सांगितलं, आणि तुम्ही मलाच पाणी दिलंत. त्यानं घाई केली नव्हती. त्यानं विचारलं होतं. मी न बघता म्हणालो, बंद केलंय, हात घाल. माझा हात उजव्या बटणावर होता. मोटारीचं डावीकडचं. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, पण म्हणा. पत्ता जुनाच घालतोय, दुसरा माझ्याकडे नाही. मिळालं तर लवकर कळवा. आणि तुम्हीही त्याच्याकडे गेला असाल तर त्याच्याकडूनच निरोप पाठवा. त्याचं इथं रोजचं येणं आहे, शटर ओढायच्या वेळेला. मी असतोच.