शिकागो म्हणजे कल्याण

आबा, संध्याकाळी भात शिजल्याचा वास आला की अजून तुम्ही माझ्या मागे उभे आहात असं वाटतं. मी वळून बघत नाही. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, वयानं मी तुमच्याही पुढे गेले, पण तुमच्यावरचा राग काही गेला नाही. तुमच्या एका वाक्यानं आपल्या घराचं काय करून ठेवलं, ते आज तुम्हाला ऐकवणार आहे.

मुरबाडहून बदली होऊन आपण आटगावला आलो, तेव्हा मी तुमच्याच वर्गात बस्करावर बसायची. भूगोलात अमेरिका आली. तुम्ही भिंतीवरच्या फाटक्या नकाशावर छडी टेकवून विचारलंत, यातलं मोठं शहर कोणतं? कुणीतरी न्यूयॉर्क म्हणालं. तुम्ही म्हणालात, कुणासाठी मोठं? आणि मग जे सुटलात! न्यूयॉर्क म्हणजे मुंबई, तिथलं बंदर अडलं तर विलायतेपासून चीनपर्यंत सगळ्यांना कळेल. वॉशिंग्टन म्हणजे ठाणं, हुकूम तिथून सुटतात, पण मीठमिरची घ्यायला तिथं कोण जातं? शिकागो म्हणजे कल्याण. सगळ्या गाड्या तिथं येणार, तिथूनच फुटणार. ते बंद पडलं तर जगाला पत्ता लागायचा नाही, पण अमेरिकेतल्या चुली पेटायच्या नाहीत. बोस्टनचं तर तुम्ही मुरबाड करून टाकलंत, जुनं आणि मानाचं. झालं, मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ठोकून दिलं की बोस्टनलाही रेल्वे नाही. तुम्ही पोट धरून हसलात आणि गुण मात्र कापलेत.

दादा तुमच्याशी भांडून मुंबईला गेला आणि आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला. मास्तराचा मुलगा परक्यांची भांडी घासणार, म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणंच टाकलंत. पुढं एक दिवस त्याच्या बोटीवरचा खर्डीचा सोबती आपल्याकडे येतो. ओटीवर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि सांगतो की दादा न्यूयॉर्कला उतरला तो बोटीवर परत आलाच नाही, आगगाडीनं शिकागोला गेला म्हणे. आई दारात उभी आहे. ती विचारते, ते कुठं आलं? आणि तुम्ही, नजर वर न करता, वर्गातल्या सवयीनं बोलून जाता, "शिकागो म्हणजे कल्याण."

आईचा चेहरा असा उजळला की बस. ती जन्मात एकदाच कल्याणला गेली होती, बहिणीच्या लेकीच्या लग्नाला, आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतली होती. त्या संध्याकाळपासून तिनं दादाच्या वाटचा भात चुलीच्या वैलावर उबेला झाकून ठेवायला सुरुवात केली. कल्याणकडून येणारी पॅसेंजर शिट्टी द्यायची, आई पदराला हात पुसत दारात यायची, आटगावला उतरलेली माणसं आपापल्या वाटेला लागायची. सकाळी तोच भात तुम्ही फोडणी देऊन खायचात. मान खाली घालून.

एकदा तुम्ही तिला समजवायला बसलात. शाळेतला नकाशा घरी आणून चुलीपुढं पसरलात, मधल्या निळ्या पाण्यावरून बोट फिरवलंत, म्हणालात की हा एवढा समुद्र आहे मधे. आईनं वाकून नीट बघितलं.

"कल्याणला पन खाडी हाय," ती म्हणाली. "तरी मानसं घरी येतातच ना?"

तुम्ही नकाशाची गुंडाळी केलीत. तिथंच मला तुमचा राग आला, तो आजवर. स्पष्ट सांगायचं होतं तिला, की तो येणार नाही. आठवडाभर रडली असती, पण मोकळी झाली असती. मग लढाई सुरू झाली, बोटी बुडाल्याच्या बातम्या चावडीवर यायला लागल्या, दादाची मात्र चांगली-वाईट कसलीच खबर नाही. शेवटच्या आजारात तर पॅसेंजरची शिट्टी झाली की तुम्हीच दाराकडे बघायला लागलात. तुम्ही, भूगोल शिकवणारे! त्या दिवसांत मला तुमची भीती वाटायची. तुम्ही गेलात आणि आई वैलावर दोघांचा भात ठेवायला लागली. तुम्ही दादाला आणायला कल्याणला गेलात, असं ती शेजारणीला सांगायची. सकाळी तो भात मी खायची. टाकवत नसे. ती गेली त्या दिवशीसुद्धा वैलावर दोघांचा भात होता.

परवा शेजारणीचा नातू निरोप घ्यायला आला. नोकरीला शिकागोला चाललाय. दादाचं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणाला, "आजी, तिथं जुनी दप्तरं बघायला मिळतात. माणूस कधी वारला, कुठं पुरला, सगळं कळतं. मला फक्त त्यांचं पूर्ण नाव सांगा." चांगला मुलगा आहे, हातात पेन घेऊन बसला होता. हे मी कुणाला बोलणार नाही, हा कागदही कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते. मी त्याला म्हटलं, वय झालं रे बाबा, नाव आठवत नाही. आबा, दादाचं नाव मी विसरेन का?