सील लावल्यावर आलेली ओ

३ फेब्रुवारी
खांबसाहेबांनी पानं पुन्हा परत पाठवली! वारसा खात्यातल्या या साहेबांना मीच ठेवलेलं नाव. बंदरावरच्या जुन्या कस्टम गोदामाचा इतिहास मी लिहितेय आणि त्यांना हवेत फक्त बिडाचे खांब. दीडशे वर्षांत तिथं माणसं फिरकलीच नाहीत जणू! शाळेतून निवृत्त झाले, आता मलाच गृहपाठ.

६ फेब्रुवारी
आज दारांबद्दल लिहिलं. दोन कुलुपं — एक सरकारचं, एक व्यापाऱ्याचं — आणि वर शिशाचं सील. संध्याकाळी सील लागलं की सकाळी मोठे साहेब येईपर्यंत तोडायचं नाही. तोडलं तर नोकरी गेली! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तीस वर्षं ते सील लावलं. त्याआधी दारातून आत तीनदा हाक मारायची, कुणी राहिलंय का म्हणून. जेवताना त्यांनी ती हाक मारून दाखवली. ब्याऐंशीव्या वर्षी काय तो आवाज! शेजारीण धावत आली.

दुरुस्त केलेल्या गोदामाच्या उद्घाटनाला हा इतिहास छापून निघणार, त्याच दिवशी त्यांचा सत्कार आहे. कोट इस्त्रीला दिलाय.

९ फेब्रुवारी
गोदामामागच्या गल्लीतली मावशी आली होती. तिचा नवरा तिथं हमाल. पन्नास वर्षांपूर्वी रात्री आत अडकला, तिसऱ्या मजल्यावरच्या माल ओढायच्या दारातून दोरानं उतरायला गेला आणि पडून मेला. दप्तरात नोंद आहे — 'दारू पिऊन झोपला. हाकेला ओ दिली नाही.' अक्षर अण्णांचं.

"बाई, तो त्या दिवशी प्यायला नव्हता. एवढं तरी खरं लिहा," म्हणाली. चहालाही थांबली नाही.

१० फेब्रुवारी
अण्णांना विचारलं. "नोंद आहे ना? मग झालं तर!" ताटावरून उठले.

१४ फेब्रुवारी
अण्णा आज आपणहून बोलले.

"ओ दिली होती त्यानं. पण सील लावून झालं होतं. म्हटलं, काढेल एक रात्र, सकाळी सोडू."

आणि दारूचं?

"घाबरलो."

एवढंच! मला राग आला, लाज वाटली. माझे वडील असं करतील? लहानपणी मी वर्गात ऐटीत सांगायचे, माझे अण्णा कधी खोटं बोलत नाहीत. न्हाणीघरात जाऊन रडले.

१५ फेब्रुवारी
लिहू? सत्काराच्या दिवशी सगळ्या बंदरासमोर? या वयात त्यांना हे झेपेल? पण नाही लिहिलं तर मावशीला कोणत्या तोंडानं भेटू?

काही सुचत नाही. दिवसभर अंथरुणं उन्हात घातली, काढली.

१७ फेब्रुवारी
लिहून टाकलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, एक राहिलेला काना दिला आणि म्हणाले, "छापायला दे." कोट स्वतःच कपाटात ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी
छापण्याआधी मावशीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खोटं आहे हे, बाई. सील लागलंच नव्हतं. तो आतून ओ देत होता आणि मी तुमच्या अण्णांपुढं हात जोडले — राहू द्या त्याला आतच. एक रात्र तरी मला मार नको होता."