बारावा रोट

बाबा, तुझी नात पत्ते बनवते. राजा-राणीचे नव्हेत, आपल्याच डोक्यातले. पणजीहून छापून आणते आणि दोस्तांत अदलाबदल करते. चोवीस वर्षांची घोडी! परवा म्हणाली, "आई, आम्ही नियम लिहून लिहून पत्ता भरून टाकतो. आजोबांनी एकेकच शब्दात कसं भागवलं गो?" म्हटलं, तुझी आई तिसरीत शाळा सोडून बसली, तिला लांब वाक्य वाचवत नव्हतं, म्हणून. शब्द तेवढा वाचायचा, नियम डोक्यात.

तुझे ते चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे पत्ते मीच तिला काढून दिले होते. गोवा राज्य झालं त्या सालचे. तू सुर्ल्याला खाणीवर जायच्या आधी आपण पडवीत खेळायचो. तुझा शब्द 'धाड', म्हणजे समोरचा पत्ता मारायचा. मग मी माझा काढला, 'राखण'. ती पुढे असली की मागच्यांना हात लावायचा नाही. दोघांनी राखण मांडली आणि खेळच अडला, कोण कोणाला मारू शकेना. पेज थंड झाली तरी आपण तसेच बसलेले. तू हसलास. "गांवचो राखणदार देव वर्साक जाड भाकरीचो रोट घेता, आनी तुजो पुठ्ठ्याचो उपाशी राखतलो काय गो?" लगेच बारा तुकडे कापून प्रत्येकावर 'रोट' लिहिलंस. सहा तुझे, सहा माझे. दर फेरीला राखणीखाली एक सरकवायचा. मी विचारलं, "संपलो तर?" "तर तो उठून वता. फुकट कोण राखता?"

हाच नियम पोरीला खुपतोय. "फार कडक आहे, आई. रोट नसला तरी एक फेरी तरी थांबू दे त्याला. तसं लिहू?" मी खेकसले, आजोबांचा नियम तो, हात लावायचा नाही. "अगो, ओरडतेस कशाला? आणि रोट अकराच आहेत. बारावा खंय?" म्हटलं, उंदराने नेला असेल.

आपला शेवटचा डाव झाला त्या दिवशी मी हरत होते. तू पाणी प्यायला आत गेलास तेव्हा तुझा शेवटचा रोट मी मांडीखाली सरकवला. तू चटईची कड उचलून पाहिलीस, "चेडवा, रोट खंय गेलो गो?" मी मांडी हलवली नाही. तू आपल्या हाताने राखण उचललीस, मी धाड घातली. "जिकलें गो माजें चेडूं!" म्हणत चपला घालून गेलास. दिवेलागणीला तुला आणलं. खनिजाचा ट्रक, रस्त्यावरच.

पुठ्ठ्याने माणूस मरत नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी दर वर्षी राखणदाराला सगळ्यांपेक्षा जाड रोट माझा असतो. तो घेतो आणि गप्प बसतो.

सोमवारी पत्ते छापायला जाणार. सकाळपासून पोर दोनदा विचारून गेली, थांबू दे ना एक फेरी? मी आपली तांदूळ निवडतेय, निवडलेलेच परत.

बारावा रोट माझ्या कुंकवाच्या डब्यात आहे, बाबा. अक्षर पुसलंय. तिला दाखवलेला नाही. हा तुला लिहिलेला कागदही त्यावरच घडी करून ठेवते.