तातडीच्या बोर्डावर कोण होतं

३ फेब्रुवारी

खालच्या भाजीवाल्याने आज बटाटे तोलता तोलता विचारलं, "बाई, ती बाळंतीण खरंच तुमच्यामुळे मेली का हो?" म्हणून ही वही काढली. बटाटे घेतले आणि वर आले.

बाळंतीण मेली नाही. बाळंतीण नव्हतीच! ती मालिकेतली.

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या संपाचं इतकी वर्षं कोणी नाव काढलं नाही. आता एकदम मालिका — भिंतीभिंतीवर पोस्टर, बसथांब्यावरच्या पोरी त्यातले संवाद म्हणतात. कालच्या भागात ऑपरेटर मुली एका इशाऱ्यावर फोन जोडायच्या सगळ्या दोऱ्या उपसतात, बोर्डावरचे दिवे विझतात, व्हायोलिन सुरू. तिकडे एक नवरा रिसीव्हरमध्ये ओरडतोय, बायको जमिनीवर कळा देतेय. फोन लागत नाही. ती मरते.

खोटं. तातडीचा बोर्ड पूर्ण संपभर चालू होता. रुग्णालय, अग्निशमन, पोलीस — या लायनींना आम्ही हात लावला नव्हता. आमच्या पुढारणीनेच तसं ठरवलं होतं. तिला सगळ्या कॅप्टन म्हणायच्या. तिने तिघी निवडल्या आणि बोर्डावर बसवल्या. त्यातली एक मी. पुढचीने मागे उभं राहून, हेडफोन कानाला लावून "घेतलं" म्हटल्याशिवाय आधीची उठत नसे. खुर्ची रिकामी राहिली असेल तर मी नाव बदलीन.

४ फेब्रुवारी

मालिकेच्या कंपनीला फोन केला. बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक पोरगी आली. गोड आवाज.

"आजी, ती क्रिएटिव्ह लिबर्टी असते."

म्हटलं, मी तुझी आजी नाही. आणि न झालेला खून आमच्या गळ्यात घालणं ही कसली लिबर्टी?

"पण लोकांना किती आवडलाय तो सीन!"

फोन ठेवला. ठेवला म्हणजे बोट दाबलं. आपटायची सोय राहिली नाही आताच्या फोनांत.

५ फेब्रुवारी

भाजीवाल्यापर्यंत ठीक होतं. आता घरापर्यंत आलं.

भाची — धाकट्या बहिणीची मुलगी, माझ्याकडेच राहते — ॲम्ब्युलन्सच्या हेल्पलाइनवर फोन घेते. लागोपाठ दोन पाळ्या, मध्ये उठायचं तर वरिष्ठाला विचारून, आणि नोकरी दर वर्षी नव्याने. त्यांनी चौदा तारखेपासून संपाची नोटीस दिली आहे. आज बातम्यांत तोच मालिकेतला सीन दाखवला आणि खाली पट्टी — "पुन्हा एक बाळंतीण मरणार?" वर कोणी साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणतो, इतिहासापासून आपण धडा घ्यायला हवा.

कसला इतिहास? व्हायोलिनवाला?

भाची जेवलीच नाही. "मावशी, लोक हेल्पलाइनला फोन करून शिव्या देतात. खुनी म्हणतात. चौघींनी नोटिशीवरून सह्या मागे घेतल्या. आणखी घेतील." मग म्हणाली, "तू कॅमेऱ्यापुढे सांग ना."

म्हटलं, सांगीन. पण माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतो? कॅप्टन हवी.

६ फेब्रुवारी

पुन्हा कंपनी. या वेळी खुद्द लेखिका. नीट बोलली, हे लिहिलं पाहिजे. म्हणाली, "मी मनचं नाही लिहिलं, मॅडम. तुमच्या कॅप्टननेच सांगितलं. तातडीचे फोन घ्यायला कोणीही नव्हतं, असं."

मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, "रेकॉर्डिंग आहे."

दोन पोळ्या करपवल्या आज.

८ फेब्रुवारी

कॅप्टनकडे गेले. किती वर्षांनी, ते मोजायला नको. मुलीच्या शिवणाच्या दुकानामागे एक खोली, तिथे ती. चष्मा जाड झालाय. हात मात्र चालूच — कुणाच्या तरी झग्याला काजं करत होती. मी दारात उभी, तर मान वर न करता म्हणाली, "ये मास्तरीण. कधी येतेस तेच बघत होते." चुका काढायची म्हणून एक्स्चेंजमध्ये मला तिने दिलेलं नाव.

बुद्धी शाबूत आहे. मला वाटलं होतं, म्हातारपणी विसरली असेल, कोणी तोंडात शब्द घातले असतील. तेवढीच आशा होती.

"मीच सांगितलं," म्हणाली.

"का?"

"त्या लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, तातडीचे फोन कोण घेत होतं? तुझं नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. म्हटलं, कोणी नाही. बाळंतीण तिने तिच्या मनाने घातली."

मग तिने जुनं सगळं काढलं. संप मोडला, सगळ्या बडतर्फ झाल्या. आम्ही तिघी राहिलो, कारण हजेरीपटावर आम्ही कामावर होतो! कॅप्टन काजं करत बसली आणि मी बढत्या घेत निवृत्त झाले. हे सगळं मला ठाऊक नव्हतं का? होतं. साहेबांकडे बाकीच्यांसाठी खेटे मी घातले होते. उपयोग शून्य.

"तूच मला बसवलंस," म्हटलं.

"मीच. म्हणून तर तोंडावर राग काढता येईना."

"राजीनामा दे म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तू दिला असतास. म्हणून नाही म्हटलं." तिने दातांनी दोरा तोडला. "आणि नाही दिलास, म्हणून नाही गेला राग. माणसाचं डोकं काय सरळ चालतं, मास्तरीण?"

मी भाचीच्या संपाचं सांगितलं. खोटं बोललीस ते आता त्या पोरींच्या मुळावर आलंय, असं स्पष्ट म्हटलं. तिने झगा बाजूला ठेवला.

"मालिका पोरी आवडीने बघतात. दुकानात येऊन माझ्याबरोबर फोटो काढतात. आता कुठे कोणी कॅप्टन म्हणतंय," एवढंच म्हणाली. चहा दिला. मी अर्धा टाकून उठले.

९ फेब्रुवारी

इतका संताप की काही लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

आणखी सह्या मागे गेल्या. भाचीच्या मैत्रिणी संध्याकाळी आमच्याकडे बसल्या होत्या. वाद एकच — तातडीच्या फोनवर कोणी बसायचं? एक म्हणते, मी बसते. दुसरी लगेच, "हो, म्हणजे तू सुटलीस!" भांडण ऐन रंगात आणि दारावर थाप. कॅप्टन. काठी टेकत, मुलीच्या हाताला धरून, जिने चढून.

वाद जिन्यातूनच ऐकला असणार, बसायच्या आधीच बोलली. "ठरावीक जणी बसवू नका. सगळ्या बसा, एकेक पाळी. हजेरी लागली तर सगळ्यांची लागेल. घरी बसवलं तर सगळ्याच घरी. मी तिघी निवडल्या आणि एक्स्चेंजचे दोन तुकडे झाले. साहेबाला काही करावंच लागलं नाही."

एकीने हळूच विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"त्या मालिकेतली. पण मी इतकी गोरी कधीच नव्हते."

१३ फेब्रुवारी

बातमीवाले आले, शिवणाच्या दुकानातच. कॅप्टन कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "संपात कोणी मेलं नाही. मी खोटं सांगितलं. तातडीच्या बोर्डावर या बाई होत्या आणि आणखी दोघी. मी बसवलं होतं."

निवेदक लगेच कनवाळू झाला. "आजींचं वय पाहता, आठवणीत गोंधळ होऊ शकतो…"

"गेल्या वर्षी खोटं सांगितलं तेव्हाही वय झालंच होतं, बाळा. तेव्हा चाललं ते?"

मग माझ्याकडे माइक. मी चांगली बोलले. मुद्देसूद. त्यांनी दाखवताना निम्मं कापलं, आणि वर व्हायोलिन लावलं. कपाळ! पण कॅप्टनचं वाक्य ठेवलं. भाची म्हणते, ते सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. मागे घेतलेल्या सह्यांपैकी निम्म्या परत आल्या. निम्म्या नाही आल्या, तेही लिहून ठेवते.

१४ फेब्रुवारी

संप सुरू. पहिली पाळी भाचीची. एकही तातडीचा फोन सुटला नाही.

कॅप्टनकडून मिळालं: पत्र्याचे बिल्ले, तीन. त्या संपातले. पिना गंजलेल्या. बोर्डावर बसून लावता यायचे नाहीत, म्हणून आम्हा तिघींना ते नंतर मिळायचे होते. रागाने तिने दिले नाहीत, आणि टाकलेही नाहीत. इतकी वर्षं बटणांच्या डब्यात होते.

बाकीच्या दोघी आता नाहीत. तिन्ही माझ्याकडे दिले. घेतले.