मढ्यांचा स्वस्त बंदोबस्त

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून डायरी. मोठे सेनापती लिहितात.
दातांच्या डॉक्टरचा दवाखाना रविवारी बंद असतो, तेव्हा वेटिंग रूमच्या टेबलावर आमचा खेळ चालतो. डॉक्टर गोष्ट सांगतो, आम्ही एकेक वीर व्हायचं, फासे पडतील तसं जगायचं नाहीतर मरायचं. सध्या एका स्मशानातली मढी उठून चालायला लागलीत. ही मोहीम संपली की टोळीचा नायक निवडणार. म्हणजे मलाच. बाकी आहे कोण? मेहुणा, ज्याचा फासा निम्म्या वेळा खुर्चीखाली जातो, आणि बँकेतली कॅशियर बाई. दोघांनी आज टोळीचं सोनं चांदीच्या तलवारींवर आणि मंतरलेल्या पाण्यावर उधळलं. अक्कल नसली की खर्च वाढतो.
माझी खरेदी: तेलाचा बुधला, दोरी, पोतंभर वाटाणे.

५ ऑगस्ट
ऑफिसात योजना पक्की केली. सांगाड्याच्या तळव्याला मांस नसतं. तेलावर टिकेल कसा? साहेबांनी विचारलं, एवढं काय लिहिताय. म्हटलं, अहवाल. खूश झाले. साहेब होण्यासाठी डोकं लागत नाही, हे पुन्हा सिद्ध.

१० ऑगस्ट, रविवार
तळघराच्या पायऱ्यांवर तेल ओतलं. सांगाडे वर आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाला, ते खाली पहाऱ्यावर आहेत, उतरायचंय तुम्हालाच. मेहुण्याचा वीर घसरला आणि पाय मोडून बसला. योजनेत दोष नव्हता. सांगाडे आळशी निघाले.
मेहुणा परत जाताना माझी स्कूटर सोडून रिक्षाने गेला. तेवढंच पेट्रोल वाचलं.

१७ ऑगस्ट, रविवार
आज रक्त पिणारा उमराव. त्याच्यासमोर वाटाणे उधळले. सांडलेले दाणे मोजल्याशिवाय असल्या माणसाला पाऊल उचलता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरला नाही. त्याने पुस्तक उघडलं आणि असा नियमच नाही म्हणाला. मी उभा राहून त्याला बराच वेळ समजावलं. तोवर उमरावाने कॅशियर बाईंच्या वीराचं अर्धं रक्त संपवलं. बाई म्हणाल्या, दाणे मोजूनच भागणार असतं तर मी होते की, दिवसभर बँकेत दुसरं काय करते.
गाढवापुढे वाचली गीता.
संकल्प: वाद बसूनच घालणे.

२० ऑगस्ट
मेहुण्याने परस्पर आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, खेळायला बोलावलं. म्हणे टोळीत एक शहाणं माणूस कमी पडतंय. तिने मला विचारलं, मढी आधीच मेलेली असतात तर त्यांना मारायचं कशाला? हसून हसून पुरेवाट झाली. उत्तर द्यायचं राहून गेलं.

२२ ऑगस्ट
महायोजना. खर्च शून्य.
माझ्या वीराने अंगाला राख फासायची, जुना पडदा पांघरायचा, पाय ओढत मढ्यांत मिसळायचं आणि सगळ्यांना रांगेने स्मशानातल्या विहिरीत उतरवायचं. टोळीला पत्ता लागू द्यायचा नाही, यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. डॉक्टरला चिठ्ठ्या देऊन कळवायचं. शेवटी पडदा बाजूला, नायकपद पदरात. भाषण तयार आहे. नम्र आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
पोट बिघडल्यामुळे माझा वीर छावणीत थांबलाय, असं जाहीर केलं आणि चिठ्ठ्या सुरू केल्या. योजना फत्ते. मढ्यांनी मला आपलं मानलं. एकालाही संशय आला नाही.
इतक्यात टोळी स्मशानाच्या भिंतीवर चढली, आजपासून बायकोही टोळीत. मेहुणा नेहमीप्रमाणे चुकीच्या बाजूने. मला राहवेना. चिठ्ठी दिली: खुणा करून त्याला डावीकडून यायला सांगतो. डॉक्टरने ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि टोळीला म्हणाला, मागच्या रांगेतलं एक मढं हातवारे करून तुम्हाला काहीतरी शिकवतंय.
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने भिंतीवरचा एक सुटा दगड खाली ढकलला. फासा असा पडला की डॉक्टरला पुस्तक उघडावंच लागलं नाही. तीन वर्षं जपलेला माझा वीर जागच्या जागी गेला. उरलेली मढी तिने स्मशानाचं फाटक बाहेरून बंद करून आत ठेवली. मेलीच आहेत, राहू देत म्हणाली.
नायक एकमताने बायको. मी हात वर केला होता. मेलेल्याला मत नसतं म्हणे.
घरी येताना तिला समजावलं, की खरं बघता माझी योजना पूर्ण यशस्वी झाली. सोंग इतकं हुबेहूब होतं, की घरच्या माणसांनाही ओळखता आलं नाही.
ती म्हणाली, ओळखलं की. तिघांनीही. लगेच.
वाईट वाटलं. फारच वाटलं. तयार भाषण फाडून टाकलं.