शेगडीजवळ ठेवलेला कॅमेरा

मनाली,
१७ जानेवारी २०२५

प्रिय समद,

सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी मिनाज दोन्ही वेळ पोटभर जेवते, हे शरिफाबीला आधी सांग, आईचा जीव तो. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत.

लोहाऱ्याच्या रणधीर-शिवांजलीचे प्री-वेडिंग फोटो परवापासून बर्फात काढतोय. मिनाजला तू पाठवलंस ते नवरीला सोबत म्हणून. पण खरं काम तिनंच केलं, आणि काय केलं म्हणून सांगू! कॅमेऱ्याला जुन्या शालीचं आवरण शिवून आणलेलं. बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगाशी. थंडीत त्या भराभर उतरतात म्हणे. मी सवयीनं लेन्सवर तोंडाची वाफ सोडून पुसायला गेलो, तर तिनं हातच धरला. "बडे अब्बा, वाफ तिथंच गोठंल की!" नळदुर्गच्या उन्हात तीस वर्षं फोटो काढलेला मी, मुकाट्यानं ब्रश घेतला.

खोलीवर आल्यावर मात्र मी माझंच खरं केलं. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून आपण दुकानाच्या कपाटात बल्ब पेटता ठेवतो ना, त्यामुळं ऊब चांगलीच, हे डोक्यात पक्कं. ती चहा सांगायला खाली गेली आणि मी गारठलेला कॅमेरा थेट विजेच्या शेगडीजवळ ठेवला. दहा मिनिटांत लेन्समध्ये आतून पाणी धरलं. कॅमेरा बंद. तिनं तिचा कॅमेरा बाहेर थंडीतच पिशवीत घट्ट बांधला होता; आत आणून दाराजवळच्या गार कोपऱ्यात दोन तास तसाच ठेवला. काल सगळं काम त्या एकावर झालं. शिवांजलीच्या पापणीवरचा बर्फाचा कण तिनं असा टिपलाय की मला जन्मात जमला नसता. लई अभिमान वाटला, समद. थोडा हेवाही.

रात्री जेवताना रणधीर म्हणाला, "चाचा, दुकानावर आता हिचंच नाव लावा." मिनाज हसली. म्हणाली, "अब्बा कुठं लावू देतेत? त्यांनीच तर न्हाय म्हणलं. बडे अब्बांमुळं इथवर तरी आले."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. दोन वर्षांपूर्वी तू तिला दुकानात बसवायला तयार होतास. पोरीला हे काम जमायचं नाही, असं मीच तुला म्हणालो. थोरल्याचा शब्द म्हणून तू ऐकलंस, आणि ते 'नाही' तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलंस. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. तेव्हापासून पोर तुझ्याशी धड बोलत नाही आणि माझं कौतुक करते. कसं सोसलंस रे? एवढं मोठं मन मला नाही मिळालं.

तो शब्द मी परत घेतो. दुकान तिनं सांभाळावं.

तिला समोर बसवून सांगायला दोनदा गेलो, धीर झाला नाही. म्हणून हे पाकीट मी चिकटवत नाही. तिच्याच हातात देतो, आधी वाच आणि मग टपालात टाक म्हणून. हे पत्र तुझ्यापर्यंत आलं, तर समज, तिनं वाचलंय.

ज्याचा दोष तू अंगावर घेतलास, तो तुझा भाऊ,
मुनवर